चेंडूशिवायचा स्क्वॉश

लेकीच्या सरांनी आज पुन्हा चेंडू खिशातच ठेवला. कोर्टाच्या मधल्या 'टी' खुणेपासून कोपऱ्यात धाव, लंज, हवेतच फटका, की परत मागे. घोस्टिंग म्हणतात याला. ती वैतागते, मला मात्र आता त्यातली गंमत कळायला लागलीय. कोर्ट जेमतेम ९.७५ बाय ६.४ मीटरचं, पण दर फटक्याला थांबायचं, वळायचं, पुन्हा सुटायचं. सगळा भार मांड्या, घोटे आणि पुढच्या गुडघ्यावर. पाय दमले की फटका ढिसाळ होतो आणि बोल लागतो बिचाऱ्या मनगटाला. तिच्या वयात जड वजनांची घाई नको, हे सरांचं मला पटतं. दोरीउड्या, स्क्वॉट, पोटापाठीचे व्यायाम पुष्कळ झाले. हल्ली लंजमध्ये तिचा गुडघा आत कलत नाही. घरी मात्र दुसऱ्या मजल्यावर बाईसाहेब लिफ्टनेच जातात!