अक्षराआधी रेघ

सेवाग्रामच्या बापूकुटीत, मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावाने घडविलेली ताडाची झाडे व चरखा पाहून आम्ही थबकलो. ना रंग, ना चौकट! 1936 साली येथे राहावयास आलेल्या गांधीजींना स्वतःच्या वाईट अक्षराची खंत होती. मुलांनी आधी चित्रे काढावीत, लेखन मागाहून शिकावे, असे त्यांनी आत्मकथेत सुचविले आहे. आम्हांला मात्र चित्रकलेच्या तासाला छडी मिळाली. तेव्हापासून पेन्सिल हिशेबापुरतीच उरली. (हिशेबही फारसे जमले नाहीत, ते असो.)

त्या सायंकाळी वर्ध्यास कडुनिंबाची डहाळी समोर ठेवली आणि कागदाकडे न पाहता, पेन्सिल न उचलता, पानांच्या कडेकडेने डोळा नेईल तशी रेघ जाऊ दिली. हात प्रथम थरथरला, मग सैलावला.

"अहो, ही चिंच का?" सौभाग्यवतींनी विचारले.

आम्ही दुसरा कागद घेतला.