ठसठस आणि झुकिझुकि

जपानी शिकायला लागलो ते ऑफिसच्या कामासाठी. पण बदलापूर लोकलमध्ये उभ्याउभ्या शब्द पाठ करताना लक्षात आलं, की दुखण्याच्या बाबतीत ही मंडळी अगदी आपल्यासारखीच आहेत! ठसठसलं की 'झुकिझुकि', चुरचुरलं की 'हिरिहिरि', टोचलं की 'चिकुचिकु', मळमळलं की 'मुकामुका'. छातीतली धडधड म्हणजे 'दोकिदोकि'. तिकडे पेशंट डॉक्टरलाही हेच शब्द सांगतो, आणि त्यावरून डॉक्टरला दुखण्याचा अंदाज येतो.

आमच्या आईची इथेच पंचाईत झाली. दाढ दुखते म्हणून तिला उल्हासनगरला नेलं. डॉक्टर सिंधी, माणूस भला, पण आईचं हिंदी 'दर्द है'पाशी संपतं. ठणका, सणक, कळ, सगळ्याला एकच दर्द! मी मध्ये पडलो, तर मलाही 'ठसठस'ला हिंदी सुचेना. शेवटी तिनेच मूठ उघडझाप करून दाखवली. डॉक्टरांना बरोब्बर कळलं.

सुटकेचा शब्दही त्यांच्याकडे आवाजातूनच आलाय. 'होत्तो सुरु', म्हणजे हायसं वाटणं. त्यातला 'हो' हा सुटकेच्या निःश्वासाचा आवाज. अंबरनाथ गेल्यावर डब्यात बसायला मिळतं, तेव्हा निघतो तोच. दाढ काढल्यावर आई मात्र 'हुश्श' म्हणाली.