न दिसणारी कात्री

सेन्सॉर हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे एक कात्री उभी राहते. चित्रपटातले एखादे दृश्य कापले जाते, नाटकाच्या संहितेतल्या चार ओळींखाली लाल रेघ ओढली जाते, वर्तमानपत्रांतून आठवडाभर पत्रापत्री होते आणि आपण मराठी माणसे त्या वादात मोठ्या हौसेने उतरतो. श्लील कोणते आणि अश्लील कोणते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. यंदा तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' वाचताना आमच्या वर्गातही तो निघाला आणि तासाची घंटा झाली तरी संपला नाही.

पण मी लिहिणार आहे ते नाटकाविषयी नाही, व्हिडिओ गेमविषयी. कला शाखेच्या वार्षिकांकात हा कसला विषय, असे काही प्राध्यापकांना वाटेल. परंतु ज्या माध्यमात आज कथा सांगितल्या जातात, पात्रे उभी केली जातात, संगीत रचले जाते, त्याला केवळ 'पोरखेळ' म्हणून दारातूनच परत पाठवणे मला पटत नाही. दुसरे कारण घरगुती आहे. माझा मामेभाऊ पुण्यात एका लहानशा कंपनीत गेमच्या कथा लिहितो. त्याच्या तोंडून जे ऐकले त्यामुळेच मी या विषयामागे लागले आणि मिळेल ते वाचत गेले.

प्रथम थोडी माहिती सांगायला हवी. टीव्हीला जोडून ज्यावर गेम खेळतात त्या यंत्राला कन्सोल म्हणतात. निन्तेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्या आज या धंद्यात प्रमुख आहेत. यंत्र त्यांचे, पण त्यावरचे बहुतेक गेम बाहेरचे लोक तयार करतात. आता गंमत अशी की, कादंबरी लिहिणाऱ्याला चष्मा बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही, मात्र गेम लिहिणाऱ्याला यंत्र बनवणाऱ्याची लागते. आधी करार करायचा, मग तयार गेम तपासणीसाठी पाठवायचा, आणि 'ठीक आहे' असे उत्तर आले तरच तो विकायचा. या तपासणीत गेम मध्येच बंद पडतो का, हे जसे पाहिले जाते तसेच त्यात नग्नता किंवा शृंगार किती आहे, हेही पाहिले जाते.

हे कुलूप विनाकारण बसले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या अटारी कंपनीच्या जुन्या यंत्राला असे कुलूप नव्हते. कोणीही उठावे, कॅसेट बनवावी आणि विकावी. १९८२ साली तिथे 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा एक गेम निघाला. त्यात एक नग्न सैनिक बांधून ठेवलेल्या आदिवासी स्त्रीपर्यंत पोचतो आणि तिच्यावर अत्याचार करतो. हाच खेळ आणि हेच त्याचे गुण! स्त्रियांच्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या संघटनांनी निदर्शने केली. अटारी कंपनीही कोर्टात गेली. पण कॅसेट यंत्रात शिरण्यापासून रोखण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. पुढच्याच वर्षी निकृष्ट गेमच्या पुरात तिथला सगळा बाजार कोसळला. १९८५ साली जपानची निन्तेंडो कंपनी अमेरिकेत आली ती हा धडा घेऊनच. तिने यंत्रात एक चिप बसवली. जोडीची चिप ज्या कॅसेटमध्ये नाही ती कॅसेट चालणारच नाही. परवाना निन्तेंडोचा, कॅसेटही निन्तेंडोनेच तयार करायची, आणि एका प्रकाशकाने वर्षाला पाचच गेम काढायचे. घाण बाहेर राहावी म्हणून दार बसवले, हे योग्यच झाले. पण दार बसले की द्वारपाल येतो, आणि द्वारपालाची आवडनिवडही त्याच्याबरोबर येते.

ती आवडनिवड कशी होती याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. लुकासफिल्म गेम्स या कंपनीचा 'मॅनियाक मॅन्शन' नावाचा विनोदी गेम १९९० साली निन्तेंडोच्या यंत्रावर आला. त्या कामावर असलेले डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे या काटछाटीची हकिकत लिहून ठेवली. गेममधल्या वाड्यात एक पहुडलेला नग्न पुतळा होता. तो काढा, असा निरोप आला. हे मायकेलअँजेलोच्या धर्तीचे शिल्प आहे, अभिजात कला आहे, असे यांनी सांगून पाहिले. तेव्हा मांड्यांमधल्या जागेचे काही करता आले तर बघू, असे उत्तर मिळाले. शेवटी त्यांनी पुतळाच उचलून टाकला. त्याच गेममध्ये एक हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा पाळीव प्राणी, ओव्हनमध्ये घालून उडवता येत असे. ते मात्र तपासनिसांच्या नजरेतून निसटले आणि अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये तसेच राहिले! पुतळ्याच्या नग्नतेने ज्यांची झोप उडाली त्यांना तो प्राणी दिसला नाही, याचे मला हसूही आले आणि वाईटही वाटले.

१९९४ साली अमेरिकेत गेमना वयोगट ठरवून देणारी स्वतंत्र संस्था निघाली, पुढे जपानमध्ये आणि युरोपातही तशा संस्था आल्या. आता वाद मिटायला हवा होता. मोठ्यांचा गेम मोठ्यांनी खेळावा, लहानांचा लहानांनी. परंतु अमेरिकेतल्या संस्थेने 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का मारला की तो गेम कन्सोल कंपन्या आपल्या यंत्रावर घेत नाहीत आणि मोठी दुकानेही ठेवत नाहीत. म्हणजे शिक्का नावाला वयाचा, परिणामाने बंदीचा. २००५ साली क्वांटिक ड्रीम या फ्रेंच कंपनीचा 'फॅरनहाइट' आला. नकळत हातून खून घडलेल्या एका एकाकी माणसाची ती गोष्ट. त्यातले शरीरसंबंध कथेच्या ओघात येतात. युरोपात ते राहिले. अमेरिकेतल्या आवृत्तीतून कापले गेले. अखंड आवृत्ती तिथे पुढच्या वर्षी निघाली, पण केवळ संगणकासाठी. त्याच २००५ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सान आंद्रेआस' या गेमच्या पोटात कुलूपबंद असलेले एक शृंगारदृश्य कोणीतरी उघडून दाखवले, आणि त्याच्यावर 'केवळ प्रौढांसाठी' हा शिक्का बसून तो दुकानांच्या फळ्यांवरून उतरला. त्या गेममध्ये खेळणारा शेकडो माणसे मारू शकतो. तेवढ्याने तो शिक्का बसला नव्हता.

अलीकडची गोष्ट सोनीची. २०१८च्या सुमारास जपानी निर्मात्यांच्या लक्षात येऊ लागले की, पूर्वी चालत होते ते आता चालत नाही. 'सेनरान कागुरा' या मालिकेतल्या एका गेममधून, मुलींना स्पर्श करण्याचा एक भाग प्लेस्टेशनच्या आवृत्तीतून वगळला गेला. संगणकाच्या आवृत्तीत तो राहिला. यंत्रमालक कंपनीच्या इच्छेनुसार, एवढेच कारण प्रकाशकाने दिले. २०१९ साली सोनीने आपले नियम असल्याचे मान्य केले. तरुणांच्या निकोप वाढीला बाधा येऊ नये, हा हेतूही सांगितला. नियमावली मात्र लोकांपुढे ठेवली नाही. त्याच वर्षी 'डेव्हिल मे क्राय ५'च्या पाश्चात्य देशांतल्या प्लेस्टेशन आवृत्तीत एका स्त्रीपात्राच्या उघड्या पाठमोऱ्या देहावर प्रकाशाचा झोत आडवा आला होता. दुसऱ्या यंत्रावर तेच दृश्य झोताविना होते. पुढे अमेरिकेतल्या आवृत्तीतला झोतही गुपचूप विझला. तो का आला आणि का गेला?

इथे मला माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. 'सेनरान कागुरा'सारखे गेम मला आवडत नाहीत. कोवळ्या चेहऱ्याच्या मुलींना बाहुल्यांसारखे हाताळण्याचा तो प्रकार पाहून एक मुलगी म्हणून मला किळस येते, आणि तो भाग वगळल्याचे मला दुःख नाही. पण २०२०चा 'द लास्ट ऑफ अस भाग २' हा सोनीच्याच एका संस्थेने केलेला गेम. त्यात शरीरसंबंधाचे दृश्य आहे. २०२३चा 'बाल्डर्स गेट ३' प्लेस्टेशनवर आला तोही अशा दृश्यांसह. यात पक्षपात आहे, असे मी म्हणत नाही. कदाचित त्यामागे चांगला विवेक असेल. परंतु निकषच ठाऊक नसेल, तर तो विवेक आहे की पक्षपात, हे ओळखायचे तरी कसे?

आता मामेभावाची गोष्ट. त्यांचा गेम कोकणातल्या एका जुन्या घराचा आहे. एक तरुण विधवा, गावात बदलून आलेला मास्तर, आणि पावसाळ्याची एक रात्र. त्या रात्री ती कंदील बारीक करते, अंबाडा सोडते, तिची उघडी पाठ क्षणभर दिसते आणि अंधार होतो. बस्स, एवढेच दृश्य. दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी सहज विचारले, "दादा, तुझी ती रात्र कशी झाली?"

"काढली," तो म्हणाला.

"का? नाही म्हणाले का ते?"

"अगं, कोणी नाही म्हटलं नाही. आम्ही पाठवलीच नाही. नाही म्हणाले असते तर नेमकं कशाला म्हणाले ते कळलं नसतं. पाठीला, केसांना, की ती विधवा आहे म्हणून? आम्ही सात माणसं. एकदा गेम परत आला की तारीख जाते, तारीख गेली की प्रकाशकाचा हप्ता अडकतो. मोठ्यांना परवडतं, आम्हाला नाही."

कोणत्या यंत्रासाठी गेम होतो आहे, हेही त्याने सांगितले नाही. करारात गुप्ततेचे कलम आहे म्हणाला. आता त्या रात्री दोघे चहा पितात. आणि पुढच्या भागात गाव तिला वाळीत टाकते! चहा प्यायल्याबद्दल वाळीत टाकणारे गाव पाहून खेळणारा गोंधळणार नाही तर काय होईल? कथेचा कणाच गेला. कोयत्याची मारामारी मात्र जशीच्या तशी राहिली आहे. त्याविषयी कोणालाच धाकधूक वाटली नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. कात्री चाललीच नाही. कात्रीच्या भीतीने माणसाने स्वतःच आपले बोट कापून घेतले. ही काटछाट कोणत्याही यादीत येणार नाही, तिच्यावर लेख लिहिले जाणार नाहीत, कारण जे दृश्य जगापुढे आलेच नाही त्याची हळहळ कोण करणार? पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' २०२० साली प्रथम निन्तेंडोच्या स्विचवर आला, तेव्हा आपल्याकडची गोष्ट जगाच्या दिवाणखान्यात गेली म्हणून आम्हा सर्वांना अभिमान वाटला. आपल्या गोष्टी आता याच दारांतून बाहेर जाणार आहेत. म्हणून दारावरचे नियम हा परक्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

'सखाराम बाइंडर'ची आठवण इथे होते. १९७२ साली ते नाटक रंगभूमीवर आले, परिनिरीक्षण मंडळाने कापाकापी सुचवली, बंदी आली. पण कमलाकर सारंगांना निदान हे ठाऊक होते की आपल्या वाटेत कोण उभे आहे आणि त्याचा आक्षेप कशाला आहे. ते उच्च न्यायालयात गेले, भांडले आणि जिंकले. पुढे 'बाइंडरचे दिवस' लिहून त्यांनी सारे जगापुढे मांडले. माझा भाऊ कोणाविरुद्ध भांडणार? त्याच्यासमोर मंडळ नाही, कायदा नाही, एक करार आहे. आणि त्या कराराविषयी बोलायलाही बंदी आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : दुकान त्यांचे, माल कोणता ठेवायचा ते तेच ठरवणार, तुम्हाला नको असेल तर संगणकावर विका. हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण जुलै २०२५ मध्ये काय झाले ते पाहा. संगणकावर गेम विकणाऱ्या स्टीम आणि इच या दोन दुकानांना पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे प्रौढांचे गेम आवरते घ्यावे लागले. स्टीमने कित्येक काढून टाकले. इचने तर असे सगळेच गेम काही काळ शोधयादीतून लपवले. त्यांत बीभत्स होते तसे प्रामाणिकही होते. म्हणजे एका दुकानाच्या दारातून परतलेला माणूस दुसऱ्या दुकानात गेला, तर तिथे गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो. ज्याला सगळ्याच दुकानांत उभे राहू देत नाहीत, त्याला 'दुसरीकडे जा' म्हणणे ही थट्टाच नव्हे का?

दार मोडून टाका, असे मी म्हणत नाही. 'कस्टर्स रिव्हेंज' पुन्हा कोणाच्या घरात शिरू नये, असे मलाही वाटते, आणि लहान मुलांच्या हातात यंत्र असते याचे भान कंपन्यांनी ठेवलेच पाहिजे. माझे मागणे फार साधे आहे. नियम असतील ते दारावर लिहा. नाही म्हणाल तर का, ते कागदावर द्या. आणि त्या कागदाविषयी चारचौघांत बोलण्याची मोकळीक ठेवा. एवढे झाले तरी पुण्यातली सात माणसे एक दृश्य पाठवून बघण्याचे धाडस करतील. मग नकार आला, तरी त्या नकाराशी भांडता येईल. न दिसणाऱ्या कात्रीशी कोणी भांडू शकत नाही; तिच्यापुढे माणूस फक्त हळूहळू शहाणा होत जातो, आणि कलेच्या क्षेत्रात असला शहाणपणा फार महाग पडतो.

— तृतीय वर्ष कला (मराठी)