वारसनोंद

जमिनीचा मालक गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते. सात-बाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, मुलाबाळांची नावं चढतात आणि बांध जिथे होता तिथेच राहतो. फुटबॉलच्या चाहत्यांच्या पिढ्यांचा विचार करताना मला हा कागद वारंवार आठवतो. एखाद्या संघावर जडलेला जीव हीसुद्धा मिळकतच. ती बापाकडून लेकीकडे, काकाकडून पुतण्याकडे जायची तर तिला आधी बांध हवा, गट नंबर हवा. पुण्यात हल्ली एक तक्रार ठरलेली असते. आजची पोरं लंडन, मँचेस्टर, माद्रिदच्या संघांसाठी रात्र रात्र जागतात, गावातल्या मैदानाकडे मात्र ढुंकून पाहत नाहीत. पूर्वीची निष्ठा राहिली नाही, असं ती सांगते. मला ही तक्रार उलटी वाटते. निष्ठा पूर्वीइतकीच आहे. तिची नोंद करून घ्यायला या शहरात दफ्तरच शिल्लक राहिलेलं नाही.

दफ्तर शाबूत असलं की काय होतं ते पाहायला पुण्याहून फार लांब जावं लागत नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही नावं वाचली की परक्या माणसाला वाटावं, ही कुस्तीची दंगल असणार. मूळ तसंच आहे. लाल मातीच्या हौद्याभोवती जमलेली पेठेतली माणसं पुढे चेंडूभोवती जमली आणि तालमीचं नाव जर्सीवर आलं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० सालची. तिच्या देखरेखीखाली राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम चालतो आणि मोठ्या सामन्याला त्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथल्या मुलाला संघ निवडावा लागत नाही. तो ज्या गल्लीत जन्मतो त्या गल्लीने तो आधीच निवडलेला असतो. तालमीचा गणपती, तालमीची वर्गणी, तालमीचा संघ ही सगळी एकाच घराची दारं आहेत. म्हणून तिथे आजोबा आणि नातू एकाच बाजूला बसून ओरडतात, आणि खेळाडू कितीही बदलले तरी त्या ओरडण्याचा पत्ता बदलत नाही. विश्वचषक आला की याच पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे फलक उभे राहतात, ही गंमत तर ध्यानात घेण्यासारखी आहे. परदेशी संघाचं वेड तिथे तालमीच्या मुळावर येत नाही. ते तिच्या अंगणात येऊन बसतं.

पुण्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. फुटबॉल इथे आला तो छावणीबरोबर. खडकी, घोरपडी, वानवडी, कॅम्प या पट्ट्यात पलटणी होत्या, मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, गोव्याची ख्रिस्ती कुटुंबं, अँग्लो-इंडियन, तमिळ, मुसलमान अशी मिश्र वस्ती होती; चेंडू त्यांच्यात रुजला. इकडे पेठांत मल्लखांब, खो-खो, कबड्डी आणि अर्थातच क्रिकेट. दोन शहरं शेजारी शेजारी नांदली आणि त्यांच्या खेळांची लग्नं क्वचितच जुळली. कॅम्पातला फुटबॉल जिवंत होता, पण तो पलटणीच्या, शाळेच्या, कारखान्याच्या संघांचा होता. पलटण बदली होऊन जाते, शाळा सुटते, कारखान्यातून माणूस निवृत्त होतो. कोल्हापुरात तालमीला जे जमलं, अख्ख्या वस्तीने एका नावाखाली पिढ्यानपिढ्या उभं राहणं, ते इथे कुणाला करावंसं वाटलं नाही असं नाही. ते करायला लागणारी पेठ आणि चेंडू यांची गाठच पडली नाही.

मग २००७ मध्ये ती गाठ पडेल असं वाटण्याजोगं काही घडलं. अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी उभा केला. दोनच वर्षांत तो आय-लीगच्या वरच्या श्रेणीत आला, २००९-१० च्या पहिल्याच हंगामात तिसरा, आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि गोव्याच्या क्लबांच्या मक्तेदारीत पुण्याचं नाव वरच्या ओळीत छापून येऊ लागलं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी आला. हृतिक रोशन सहमालक, फिओरेंटिनाशी भागीदारी, आणि १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला डेव्हिड त्रेझेगे मैदानात. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आला आणि एका हंगामात गेला. पुणे एफसीनेही २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि २०१७ नंतर दिसेनासा झाला. राहिला एफसी पुणे सिटी. त्याने २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली, बालेवाडीत बेंगळुरूला गोलशून्य रोखलं आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने तो बाद झाला. पुढच्याच हंगामाअखेर तोही बंद पडला. लीगमधली त्याची जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली. बारा वर्षांत चार संघ. ज्या मुलाने दहाव्या वर्षी पुणे एफसीच्या सामन्यात पहिल्यांदा घसा बसवला असेल, त्याने बाविसाव्या वर्षापर्यंत चार वेळा सुतक पाळलं. वारसनोंद करायची कुणाच्या नावावर?

या चारही संघांवर जीव लावणारी माणसं होती. एफसी पुणे सिटीच्या चाहत्यांची ‘ऑरेंज आर्मी’ ढोल घेऊन बालेवाडीला जायची. मुंबई सिटीविरुद्धच्या लढतीला ‘महाराष्ट्र डर्बी’ म्हणण्याइतपत खुन्नस तयार झाली होती. आणि बालेवाडीला जाणं हे सोपं काम नव्हे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल शहराच्या पश्चिम टोकाला, महामार्गाच्या कडेला. कॅम्पातून निघालं तर पंधरा-एक किलोमीटर, म्हणजे फुटबॉल जिथे मुरलेला त्या वस्तीपासून सर्वांत लांब. शिवाय मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळे चेंडू आणि प्रेक्षक यांच्यात भलतं अंतर. कोल्हापुरात थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूला गॅलरीतून नावाने हाक मारता येते. बालेवाडीत हाक पोचेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. तरीही माणसं गेली. ज्यांच्या निष्ठेवर शंका घ्यायची त्यांनी निदान एवढं तरी केलं होतं.

आता रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीगसाठी ज्या खिडकीत दिवा जळत असतो त्या खिडकीकडे पाहू. ही सवय एका रात्रीत लागलेली नाही. १९८६ चा मेक्सिकोचा विश्वचषक दूरदर्शनवर दिसला आणि माराडोना मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आला; त्या पिढीचं प्रेम चार वर्षांतून महिनाभर फुलणारं होतं, बहाव्यासारखं, एकदम आणि थोडे दिवस. नव्वदीत उपग्रह वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये सुरू झालेली प्रीमियर लीग दर शनिवार-रविवारी दिसू लागली आणि प्रेमाला आठवड्याचं वेळापत्रक मिळालं. तिसऱ्या पिढीच्या हातात फोन आहे. तिला सामन्याइतकीच प्रशिक्षकाची पत्रकार परिषद आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या लागतात. जुन्या चाहत्याला यात उथळपणा दिसतो. मला त्यात हिशोब दिसतो. आर्सेनल १८८६ पासून आहे. पुण्यातल्या मुलीने आज त्याच्यावर जीव लावला तर ती साठीची होईल तेव्हाही तो असेल, हे ती जवळजवळ खात्रीने सांगू शकते. आपल्या शहराच्या संघाबद्दल अशी खात्री तिच्या अनुभवाने तिला कधी दिली? लांबचा संघ निवडणं हा तिचा परकेपणा नसून टिकाऊपणाचा शोध आहे. आणि कॅफेत एकत्र जमून, एकाच रंगाच्या जर्सी घालून, लंडनच्या गॅलरीतल्या घोषणा पाठ करून ही मुलं जे उभं करतात ते पाहिलं तर त्यांना हवी आहे ती तालीमच, हे लपत नाही.

यावर कुणी म्हणेल, इंग्लंडचे क्लबही धनिकांच्याच मालकीचे आहेत. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये अमेरिकन ग्लेझर कुटुंबाच्या हाती गेला, मग टिकाऊपणाचं कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे, आणि त्याहून बोचरं उदाहरणही देता येईल. १८८९ मध्ये स्थापन झालेला विम्बल्डन एफसी २००३ मध्ये लंडनमधून उचलून मिल्टन कीन्सला नेला गेला. पुण्याच्या वाट्याला आलं तेच. पण पुढे काय झालं ते पाहा. स्थलांतराला परवानगी मिळताच, २००२ मध्येच, चाहत्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, तळच्या श्रेणीपासून सुरुवात केली, २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोचवला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेन या जुन्या रस्त्यावरच नवं मैदान उभारून परत आणला. त्यांच्यापाशी शंभराहून अधिक वर्षांची आठवण होती. मालक गेला तरी वारस हजर होते. एफसी पुणे सिटीच्या चाहत्यांपाशी पाच हंगाम होते. पाच वर्षांत रोप मूळ धरत नाही म्हणून रोपाला दोष द्यायचा नसतो. जर्मनीत तर क्लबातली मतं सर्वसाधारणपणे सभासदांकडे बहुमतात ठेवण्याचा नियमच आहे, ‘पन्नास अधिक एक’ नावाने ओळखला जाणारा. तो नियम आणि आपली वर्गणीची पावती ही दोन्ही एकाच गोत्रातली.

दुसरा आक्षेप अधिक पुणेरी आहे: हे क्रिकेटचं गाव, इथे फुटबॉल चालणार कसा? पण क्रिकेटचं तरी काय झालं? पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आयपीएलमध्ये आला, २०१३ नंतर संपला. रायझिंग पुणे सुपरजायंट दोनच हंगाम टिकला. २०१७ ची अंतिम लढत अवघ्या एका धावेने हरला आणि विसर्जित झाला. २०१८ मध्ये चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंज्यात हलवले तेव्हा तिथल्या गॅलऱ्या पिवळ्या झाल्या. लोकांनी त्याला पुणेकरांची लबाडी म्हटलं. मला तो अनाथांचा समंजसपणा वाटतो. म्हणजे अडचण खेळाची नव्हती. उलट पुणेरी पलटण २०१४ पासून टिकून आहे, २०२४ मध्ये तिने प्रो कबड्डीचं विजेतेपदही मिळवलं. तिचाही मालक खासगीच आहे, हे कबूल, आणि माझ्या युक्तिवादाला त्याने थोडा तडा जातो, हेही. पण कबड्डीच्या त्या झगमगीत मॅटखाली गावोगावच्या मंडळांची माती आहे. कंपनी उद्या उठली तरी खेळाडू आणि प्रेक्षक उठून जाणार नाहीत. फुटबॉलच्या मॅटखाली पुण्यात नुसतं भाड्याचं मैदान होतं.

कोल्हापूरचं गुणगान करताना एक गोष्ट झाकणं अप्रामाणिक होईल. वारशाने भांडणंही मिळतात. तिथल्या मैदानावर हुल्लडबाजी झाली आहे, समर्थक एकमेकांना भिडले आहेत, पोलिसांना मध्ये पडावं लागलं आहे. इतकं वेड असूनही देशाच्या वरच्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ नाही. पेठेची ईर्षा पेठेपुरती राहते आणि अख्ख्या शहराचा एक संघ करायला दोन तालमी एका जाजमावर बसणं कठीण. खेळाचा दर्जा मोजायचा तर पुणे एफसीची शिस्त, त्याची अकादमी, त्याचे प्रशिक्षक हे सगळं उजवंच होतं. मला दोन्हींतून एक निवडायला सांगितलं तर मी अडखळेन. फक्त एवढंच दिसतं की पुण्याने जे विकत आणलं ते विकत गेलं, आणि कोल्हापूरने जे विकत आणलंच नव्हतं ते कुणाला विकताही आलं नाही.

वर्गणी गोळा करणं पुण्याला शिकवायला नको. १८९३ पासूनचे गणपती या शहराने सांभाळले आहेत. मिरवणुकीसाठी ढोल-ताशा पथकांत नोकरदार मुलंमुली पावसाळाभर सराव करतात, घट्टे पडेपर्यंत, एक पैसा न घेता. तोच ढोल बालेवाडीत वाजला होता. मिरवणुकीचं पथक दरवर्षी पुन्हा जमतं, बालेवाडीच्या पथकाला जमायला संघ उरला नाही. आणि ती लीगमधली जागा? ती हैदराबादलाही राहिली नाही, २०२५ मध्ये दिल्लीला गेली. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून सुपर लीग जिंकली होती. त्या हंगामात त्यांच्या ताफ्यात अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. पुण्याच्या हातून सुटलेल्या जागेवर, पुण्यात शिकलेला मुलगा, पिवळ्या जर्सीत. त्या रात्री बालेवाडीचे दिवे बंद होते.