गाण्याची कच्ची वही

विद्यार्थ्यांपाशी दोन वह्या असतात, एक कच्ची व एक पक्की. परीक्षकांपुढे जाते ती पक्की. कच्ची मात्र वर्ष सरताच रद्दीच्या तराजूत पडते. गाण्यांच्याही अशाच दोन वह्या असतात, हे आमच्या पुष्कळ बालवाचकांस ठाऊक नसेल. बाजारात येते ती तबकडी म्हणजे पक्की वही. तिच्याआधी त्याच गाण्याच्या ज्या खेपा मुद्रित होऊन कपाटात पडून राहतात, ती कच्ची. आम्हांस या दुसऱ्या वहीचा छंद आहे, आणि तो शिक्षकाच्या व्यवसायास उपकारकच आहे असे आमचे मत आहे.

इंग्लंडातील 'बीटल्स' या चौघांच्या मंडळीचे 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गीत घ्या. लिव्हरपूल शहरात मुक्तिफौजेचे स्ट्रॉबेरी फील्ड नावाचे बालगृह होते. त्याच्या आवारात जॉन लेनन लहानपणी खेळे. त्या आठवणीवर त्याने १९६६ साली स्पेनमध्ये असता हे गीत रचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनमध्ये मुद्रण सुरू झाले. आधी एक संथ, हळुवार खेप सिद्ध झाली. मग लेननच्या मनात दुसरी आली. तीत चार ट्रम्पेट व तीन चेलो यांचा भरणा झाला. अखेर त्याला पहिलीचा आरंभ आवडला व दुसरीचा शेवट! दोहोंची पट्टी निराळी, लयही निराळी. तथापि निर्माते जॉर्ज मार्टिन व ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी फितींचा वेग कमीअधिक करून दोन्ही तुकडे डिसेंबरात सांधले. गाणे सुरू झाल्यावर सुमारे एका मिनिटाने तो सांधा येतो. सांगितल्यावाचून तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मूळच्या काही खेपा १९९६ साली 'अँथॉलॉजी' या संग्रहाच्या दुसऱ्या भागात प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कोठे लोकांस ही कच्ची वही पाहावयास मिळाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो, व तो क्षुल्लक नाही. लेनन १९८० सालीच मृत्यू पावला होता. मनुष्याने स्वतः बाजूस ठेवलेले त्याच्या पश्चात जगापुढे मांडावे काय? आमचे उत्तर असे: पक्क्या वहीचा मान तिचाच राहो, कारण तिची निवड कर्त्याने स्वतः केली, कच्ची वही मात्र दोष काढण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी उघडावी. आपण रोज म्हणतो ती प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात विस्ताराने आहे, लूकच्या शुभवर्तमानात आखूड. मंडळीने दोन्ही जपल्या. एकीसाठी दुसरी खोडली नाही.

या मंडळीच्या पहिल्याच तबकडीची हकीकतही विद्यार्थ्यांनी ऐकण्याजोगी आहे. 'लव्ह मी डू' हे गीत १९६२ साली तीनदा मुद्रित झाले, आणि तिन्ही वेळा ड्रम वाजविणारा निराळा. जूनमध्ये पीट बेस्ट होता. ऑगस्टात त्यास मंडळीतून काढण्यात आले. ४ सप्टेंबरला नव्याने आलेल्या रिंगो स्टारने वाजविले. आठवड्याने अँडी व्हाइट नावाच्या व्यावसायिक वादकास बोलावले, आणि रिंगोच्या हाती टॅम्बोरीन म्हणजे एक प्रकारची खंजिरी दिली. ऑक्टोबरात विलायतेत निघालेल्या पहिल्या तबकडीवर रिंगोची खेप आली, तर १९६३ च्या संग्रहात व्हाइटची. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण तीच खंजिरी: ती ऐकू आली की ड्रमवर रिंगो नाही असे समजावे. बेस्टची खेप तर १९९५ पर्यंत कपाटातच होती. हातात खंजिरी आली म्हणून रिंगो रुसून घरी गेला नाही. पुढे मंडळी मोडेपर्यंत तिचा ड्रमवादक तोच राहिला.

निबंधाचा पहिला मसुदा साधला नाही की पान फाडून टाकणारी मुले आम्ही नित्य पाहतो. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, पान फाडू नका. एक रेघ मारा व खाली पुन्हा लिहा. कदाचित आरंभ पहिल्यातला बरा असेल आणि शेवट दुसऱ्यातला. पालकांसही विनंती आहे: पक्की वही पाहून झाल्यावर कच्ची मागावी. तीत खाडाखोड दिसली तर रागावू नये. ती मुळीच नसेल, तर मात्र उत्तरे कोठून आली हे प्रेमाने विचारावे.