‘चौथी स्टेज’ ऐकल्यावर

कॅन्सरचं निदान झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘स्टेज कितवी?’ उत्तर ‘चौथी’ आलं की सगळं घर हातपाय गाळून बसतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. हा आकडा ज्या मोजमापांतून निघतो, त्यांतली बरीचशी माझ्याच टेबलावर होतात. म्हणून सांगते, कॅन्सर कुठल्या अवयवाचा हे कळल्याशिवाय या आकड्याला फारसा अर्थ नाही.

आज जगभर वापरली जाणारी टीएनएम पद्धत फ्रान्सच्या पिएर दनुआ या सर्जननी १९४३ ते १९५२ या काळात घडवली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथी आणि एम म्हणजे दूरच्या अवयवांतला प्रसार. या तिन्हींच्या जोड्यांवरून स्टेज ठरते. कोणती जोडी कुठल्या स्टेजमध्ये घालायची, हे ठरवताना आधीच्या हजारो रुग्णांपैकी कोण किती जगले ते पाहिलं जातं. त्यामुळे प्रत्येक अवयवाचं कोष्टक वेगळं.

फुफ्फुसाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज म्हणजे आजार दूरवर पसरलेला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र चौथीचे तीन भाग आहेत. तंबाखू-गुटख्याने झालेला गालाचा कॅन्सर जबड्याच्या हाडात शिरला, तर मानेत एकही गाठ नसताना तो ‘फोर-ए’ होतो. दूर पसरलेला तो ‘फोर-सी’. फोर-एच्या बहुतेक रुग्णांवर ऑपरेशन आणि त्यानंतर रेडिएशन होतं, तेही रोग समूळ काढण्याच्या हेतूने. थायरॉइडचं उदाहरण तर याच्या उलट आहे. पॅपिलरी कॅन्सरच्या रुग्णाचं वय ५५च्या आत असेल, तर रोग फुफ्फुसात पोचला तरी स्टेज दुसरीच! तिथे वय इतकं महत्त्वाचं ठरतं.

मोजमाप कसं होतं तेही पाहा. जिभेवरची गाठ पृष्ठभागावर किती पसरली, हेच पूर्वी टी ठरवताना प्रामुख्याने पाहत. २०१८पासून लागू झालेल्या टीएनएमच्या आठव्या आवृत्तीत खोलीही आली. स्लाइडवर मी शेजारच्या निरोगी अस्तराची पातळी धरते आणि तिथून गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ रेघ सर्वांत खोलवरच्या कॅन्सरपेशींपर्यंत सोडते. दीड सेंटिमीटरची गाठ पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल, तर ती टी-वन राहत नाही, टी-टू होते. मानेतल्या ग्रंथीचं आवरण फोडून पेशी बाहेर आल्या असतील, तर एनही वर सरकतो.

मोजण्याची पद्धत बदलली की आकडेवारीही बदलते. नव्या स्कॅनमध्ये बारीक प्रसार दिसू लागला, की कालपर्यंत तिसऱ्या स्टेजमध्ये धरले गेले असते असे काही रुग्ण चौथीत जातात. तिसरीतले सर्वांत आजारी लोक कमी झाल्याने तिची सरासरी सुधारते. चौथीत तुलनेने बरे लोक आल्याने तिचीही सुधारते. प्रत्यक्षात कोणाचंही आयुष्य एका दिवसाने वाढलेलं नसतं. संशोधक फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे दाखवून दिलं.

मग स्टेजचा खरा उपयोग काय? सारख्या रुग्णांची सारख्यांशी तुलना करणं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या, मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटात मानेच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्यात मानेत रोग दिसल्यावर. २०१५मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. स्टेजची शिस्त नसती तर सारखे रुग्ण निवडून अशी तुलना करणं अवघड झालं असतं.

पण हे टक्के गटाचे असतात. त्या गटातली तुमची आई किंवा भाऊ नेमका कोणत्या बाजूला असेल, हे माझी स्लाइड सांगू शकत नाही.

तेव्हा ‘चौथी’ ऐकून पेशंटला घरी न्यायची घाई करू नका. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जपून ठेवा. टी, एन आणि एम डॉक्टरांकडून समजून घ्या आणि थेट विचारा: उपचार रोग बरा करण्यासाठी आहेत, की त्रास कमी करण्यासाठी? आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर स्टेज विचारायची वेळ येण्याआधीच ती दाखवून घ्या.