उभ्या गाडीची झीज

‘सिंगल ओनर, रनिंग फक्त नऊ हजार’ एवढं वाचलं की सेकंडहँड मोटारसायकल शोधणारं गिऱ्हाईक विरघळतं आणि विकणारा किंमत चढवतो. मोटारसायकलींच्या दुरुस्तीतला माणूस म्हणून माझं मत उलटं आहे. गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर कमी रनिंगपोटी एक रुपयाही जास्त मोजू नये. साधा हिशेब पाहा. बारा वर्षांत नऊ हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला साडेसातशे, दिवसाला सरासरी दोन. अशी गाडी एक तर महिनोन्‌महिने उभी असते, नाही तर घरापासून बाजारापर्यंतच जाते. इंजिनाला दोन्ही मानवत नाहीत. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली झिरपते आणि थंड इंजिनात तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळतं. लांब फेरीत ऑइल पुरेसं तापतं आणि हे पाणी उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत ते तिथेच राहतं. इंजिन ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी मुदतीनुसार बदला असं जे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

अर्थात, आधी मीटरचा आकडा खरा आहे का ते तपासायला हवं. केबल निघाली की जुनं मीटर थांबतं, आणि मीटर अख्खं बदलताही येतं. म्हणून साक्ष इतर भागांची काढावी. खरोखर नऊ हजार चाललेल्या गाडीच्या फूटरेस्टच्या आणि गिअर पेडलच्या रबरावरची नक्षी शाबूत असते, मागच्या स्प्रॉकेटचे दाते टोकदार होऊन झुकलेले नसतात, ब्रेक डिस्कच्या काठाला नखाला अडेल अशी कड आलेली नसते. टायरच्या बाजूवर निर्मितीचे चार अंक असतात. 2312 म्हणजे 2012 सालचा तेविसावा आठवडा. 2012च्या गाडीवर हेच टायर असतील आणि त्यांची नक्षीही खोल असेल, तर विकणारा बहुधा खरं बोलतोय. पण मग ते टायर ताबडतोब काढून टाकावे लागतील, कारण इतक्या वर्षांत रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. कमी रनिंगचा सगळ्यात भक्कम पुरावा हा असा खर्चाचा पुरावाही असतो.

हीच गोष्ट गाडीभर दिसते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की हा फरक जिवावर बेततो. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरच्या. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर जेटची बारीक छिद्रं बुजवतो. रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत अधिकच. म्हणून टाकीत टॉर्च मारून पाहावं. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवावं, कारण गंजाचा लहानसा खड्डाही ऑइल सील फाडतो. कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर, पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा होज यांना भेगा आहेत का, ते पाहावं. आणि विकणाऱ्याला आधीच बजावावं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका; थंड इंजिन कसं सुरू होतं, त्यावरून पुष्कळ कळतं.

यावर आक्षेप येतो की इंजिन कमी झिजलेलं असतं, हा फायदा खरा नाही का? खरा आहे, पण लहान. वेळेवर ऑइल बदललेल्या दीडशे सीसीच्या इंजिनाला तीस-चाळीस हजार किलोमीटर फार नाहीत. दुसरा आक्षेप असा की रबर, ऑइल, टायर, बॅटरी बदलता येतात. येतात, आणि म्हणूनच तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. शिवाय सगळंच सहज मिळत नाही. यामाहा आरएक्स 100चं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. अशा गाडीची चांगली टाकी शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं. तिसरा आक्षेप मला मान्य आहे. शौकीन मालक उभी गाडीही नीट जपतो, टाकी भरलेली ठेवतो, बॅटरी काढून ठेवतो, ऑइल वर्षाला बदलतो. पण मग त्याच्याकडे त्याची बिलंही असतात. जास्तीचा पैसा द्यायचाच तर त्या बिलांना द्यावा.

कागदपत्रांतही वयच मोजलं जातं. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी आणि शुल्क भरून नूतनीकरण करावं लागतं, गाडी कितीही कमी चाललेली असो. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावं. एवढं करून सारख्याच वयाच्या दोन गाड्या समोर उरल्या, एक नऊ हजारांची पण बिलांविना आणि दुसरी पस्तीस हजारांची, दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदींसह, तर मी दुसरी घ्यायला सांगेन. पहिली घ्यायचीच असेल, तर टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल, सील, रबरी भाग आणि कार्बोरेटरची सफाई यांचं अंदाजपत्रक मेकॅनिककडून आधी लिहून घ्यावं आणि घासाघीस त्या आकड्यापासून सुरू करावी.